मेमरी वर, कोअर खाली : मायनिंगसाठी ग्राफिक्स कार्डाचे ओव्हरक्लॉकिंग

ग्राफिक्स कार्डाला कारखान्यात एक वेग ठरवून दिलेला असतो. त्याहून अधिक वेगाने ते चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. गेम खेळणारा हे करतो ते पडद्यावरचे दृश्य अडखळू नये म्हणून, आणि चार-सहा तासांनी मशीन बंद करून झोपतो. मायनिंगचे कार्ड झोपत नाही. ते महिनोन्महिने एकच आकडेमोड करत राहते आणि तितका काळ विजेचा मीटरही फिरत राहतो. म्हणून क्रिप्टो चलनाच्या मायनिंगमधले ओव्हरक्लॉकिंग नावाने तेच असले तरी रीतीने निराळे आहे. त्यात बहुधा एकच गोष्ट वाढवायची असते, बाकीच्या कमी करायच्या असतात. सगळे आकडे एकदम वर ढकलणाऱ्याच्या हाती वाढीव वीजबिल, तापलेली खोली आणि दर दोन तासांनी अडकणारे मशीन याखेरीज काही लागत नाही.

कार्डावर बदलता येण्याजोग्या गोष्टी मोजक्याच असतात. आकडेमोड करणारी मुख्य चिप, म्हणजे कोअर, तिचा वेग. शेजारच्या मेमरी चिपांचा वेग. कोअरला मिळणारे व्होल्टेज. कार्डाने एकूण किती वॅट ओढावेत याची मर्यादा. आणि पंख्यांचा वेग. यातली कोणती कुठे फिरवायची हे कार्डावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते कोणते चलन काढायचे आहे यावर असते. कारण प्रत्येक चलनाची आकडेमोड कार्डाच्या वेगळ्या भागाला राबवते.

या विषयातले बहुतेक ज्ञान इथेरियमच्या काळात साचले. ३० जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या या जाळ्याचे मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ रोजी कायमचे थांबले. मधल्या सात वर्षांत जगभरच्या रिगांवर, म्हणजे अनेक कार्डे जोडलेल्या मशीनवर, जे प्रयोग झाले ते इथॅश या पद्धतीवर, आणि ओव्हरक्लॉकिंग समजून घ्यायला आजही तिच्याइतके स्वच्छ उदाहरण नाही.

इथॅशमध्ये कार्डाच्या मेमरीत डॅग नावाची एक मोठी फाइल भरून ठेवावी लागते. सुरुवातीला ती सुमारे १ जीबीची होती आणि दर ३०,००० ब्लॉकांमागे ८ एमबीने वाढत गेली. २०२० च्या अखेरीस ती ४ जीबीच्या कार्डांत मावेनाशी झाली आणि चांगली चालती कार्डे इथेरियमपुरती एका झटक्यात बाद झाली. वेग कितीही वाढवला तरी फाइलच मावत नसेल तर इलाज नाही. कार्ड निवडताना मेमरीचा आकार आधी आणि वेग मागाहून पाहावा, तो यासाठी.

एका प्रयत्नासाठी, म्हणजे एका हॅशसाठी, या फाइलमधून ६४ वेळा वाचन करावे लागते. जागा दर वेळी वेगळी, आणि दर वाचनात १२८ बाइट. गुणाकार केला की एका हॅशमागे ८,१९२ बाइट होतात. कोअर म्हणजे हिशेब करणारा कारकून आणि मेमरी म्हणजे गोदामातून वह्या आणून देणारा हमाल असे धरले, तर इथॅशमध्ये सगळी दमछाक हमालाची आहे. कारकून पेन हातात धरून पुढच्या वहीची वाट पाहत बसलेला असतो. अशा वेळी कारकुनाला घाई करायला सांगून उपयोग काय? त्याला थोडे संथ बसू द्यावे, त्याचा चहा-पाणी खर्च वाचवावा आणि हमालाचा वेग वाढवावा.

हे नुसते रूपक नाही, आकड्यांत मोजता येते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०७० या कार्डाच्या मेमरीतून सेकंदाला ४४८ जीबी माहिती वाहू शकते, असे कंपनी सांगते. त्याला ८,१९२ ने भागले की सेकंदाला साधारण ५ कोटी ४७ लाख हॅश, म्हणजे ५४.७ मेगाहॅश येतात. मेमरीच्या या वेगाला कार्डाला इथॅशमध्ये गाठता येईल अशी ही कमाल मर्यादा. प्रत्यक्षात न छेडलेले कार्ड ५१-५२ देत असे, कारण गेमऐवजी असली आकडेमोड सुरू झाली की एनव्हिडियाचा ड्रायव्हर मेमरीचा वेग स्वतःहून थोडा उतरवतो. मेमरीचा आकडा ७,००० मेगाहर्ट्झच्या जागी ६,८०० दिसतो तो यामुळे. त्यात १,००० ची भर घातली की ७,८०० होतात, प्रवाह सेकंदाला सुमारे ४९९ जीबीवर जातो आणि मर्यादा ६०.९ मेगाहॅशवर. नीट बसवलेली ३०७० कार्डे ६०-६१ देत, ती याच गणिताने. ज्याला हा भागाकार येतो त्याला दुसऱ्याने सांगितलेले ‘जादूचे सेटिंग’ खरे की थापा, हे कार्ड हातात न घेताही कळते.

आता दुसरी बाजू, विजेची. कोअरला लागणारी वीज तिच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. सगळी चावी या ‘वर्गा’त आहे. समजा कोअर १.०५ व्होल्टवर १,८०० मेगाहर्ट्झने धावते आहे. ती ०.७५ व्होल्टवर आणि १,१०० मेगाहर्ट्झवर आणली, तर वेगामुळे वीज ६१ टक्क्यांवर येते, व्होल्टेजमुळे ५१ टक्क्यांवर, आणि दोन्ही मिळून ३१ टक्क्यांवर. कोअरचा खर्च एक-तृतीयांशाच्याही खाली आणि हॅशरेटमध्ये, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या हॅशमध्ये, जाणवेल अशी घट नाही, कारण कारकून तसाही रिकामाच बसला होता. मेमरी, पंखे आणि वीज घडवणारे भाग मात्र आपला वाटा घेतच राहतात, त्यामुळे सबंध कार्डाचा खर्च एवढा उतरत नाही. २२० वॅटचे ३०७० कार्ड १२० वॅटच्या आसपास उतरत असे.

सहा कार्डांची रिग असेल तर प्रत्येकी १०० वॅट म्हणजे ६०० वॅट वाचले. दिवसाला १४.४ युनिट, महिन्याला ४३२. युनिटचा दर हिशेबापुरता १० रुपये धरला तर ही ४,३२० रुपयांची बचत झाली, तीही हॅशरेट वाढलेला असताना. शिवाय महावितरणच्या घरगुती दरांत युनिटे वाढली की वरचा टप्पा महाग होत जातो. वाचलेली युनिटे त्या महाग टप्प्यातली असतात, त्यामुळे सरासरी दराने काढलेला हिशेब बचत कमीच दाखवतो. मायनिंगमध्ये कार्डाची पारख म्हणूनच नुसत्या मेगाहॅशने करत नाहीत, दर वॅटला किती मेगाहॅश यावर करतात. वरच्या उदाहरणात हा आकडा ०.२४ वरून ०.५ वर गेला आहे.

सगळ्या पद्धती इथॅशसारख्या नसतात, हे विसरून चालत नाही. इथेरियम क्लासिकची एचॅश ही तिची सख्खी बहीण आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये डॅगची वाढ निम्म्या गतीने व्हावी एवढाच बदल करून ती आणली गेली, त्यामुळे वरचे सगळे तिला जसेच्या तसे लागू पडते. रेव्हनकॉइनने मे २०२० मध्ये स्वीकारलेली कॉपॉ मात्र कारकुनालाही राबवते आणि हमालालाही. तिथे कोअर ११०० वर बांधली की हॅशरेट धाडकन कोसळतो. अशा ठिकाणी कोअरचा वेग फारसा न उतरवता केवळ व्होल्टेज उतरवणे हाच मार्ग राहतो, आणि तरीही कार्ड बरेच अधिक तापते. कास्पाची आकडेमोड याच्या अगदी उलट टोकाची : मेमरीला जवळजवळ हातच लागत नाही, म्हणून मेमरी तळाच्या वेगावर बांधून ठेवत आणि कोअर पळवत. २०२३ मध्ये त्या चलनासाठी खास यंत्रे बाजारात आली आणि ग्राफिक्स कार्डांचा तिथला संसार आटोपला. एका चलनाचे सेटिंग दुसऱ्याला लावणे ही नवख्यांची सर्वांत नेहमीची चूक.

प्रत्यक्ष काम सुरू करताना पहिला दिवस काहीही न बदलता घालवावा. कार्ड कारखान्यातून आले तसे चालवून हॅशरेट, वॅट आणि तापमान लिहून ठेवावे. हा आकडा हाताशी नसेल तर पुढे काय सुधारले आणि काय बिघडले हे सांगता येत नाही. वॅट मोजण्यासाठी भिंतीच्या प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर घ्यावा. सॉफ्टवेअर दाखवते त्या आकड्यावर, विशेषतः एएमडीच्या कार्डांत, फार विसंबू नये. अनेक मॉडेलांत तो फक्त मुख्य चिपेचा असतो आणि कार्डाचा बाकीचा खर्च त्यात येतच नाही. पॉवर सप्लायमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी वीज तर कोणत्याच सॉफ्टवेअरला दिसत नाही. ती बिलात दिसते.

विंडोजवर एमएसआय आफ्टरबर्नर हे साधन बहुतेक सगळे वापरतात, कार्ड कोणत्याही कंपनीचे असो. मायनिंगसाठीच बांधलेल्या हाइव्हओएससारख्या लिनक्स प्रणालीत हीच सोय ब्राउझरमधून मिळते. दोहोंमध्ये एक फरक आहे आणि तो न कळल्याने पुष्कळांचे पुष्कळ तास वाया गेले आहेत : एनव्हिडिया कार्डांच्या मेमरीसाठी आफ्टरबर्नरमध्ये +१,००० लिहितात तेव्हा त्याच परिणामासाठी लिनक्समध्ये +२,००० लिहावे लागतात. मोजण्याची पद्धत वेगळी, बाकी काही नाही. लिनक्सवाल्याचा आकडा विंडोजमध्ये तसाच टाकला की पडदा काळा होतो आणि दोष कार्डाला दिला जातो.

आधी कोअर घ्यावी. इथॅशसारख्या पद्धतीत ती टप्प्याटप्प्याने खाली आणत जावे आणि हॅशरेटकडे लक्ष ठेवावे. बराच काळ काहीच होत नाही, वॅट तेवढे उतरत राहतात. मग एका वेगाखाली हॅशरेट घसरू लागतो. त्याच्या किंचित वर थांबावे. एनव्हिडियाच्या अलीकडच्या कार्डांत वॅटची मर्यादा कमी करण्यापेक्षा कोअर ठरावीक वेगावर बांधणे, ज्याला सगळे ‘लॉक’ म्हणतात, अधिक चांगले फळ देते. मर्यादा लावलेले कार्ड सतत वर-खाली होत राहते, बांधलेले शांत चालते. बांधल्यावर कोअरला +१०० किंवा +२०० ची भर दिली तर वेग वाढत नाही, तो बांधलेलाच राहतो. पण ड्रायव्हरच्या आलेखावर तोच वेग कमी व्होल्टेजला मिळतो. वेग वाढवण्याची कळ इथे वीज वाचवते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उफराटे वाटते, पण वॅटमीटर लगेच साक्ष देतो.

नंतर मेमरी. तिचा वेग ५० किंवा १०० च्या पावलांनी वाढवावा आणि प्रत्येक पावलावर निदान १५-२० मिनिटे थांबावे. एकदम मोठी उडी घेऊन कार्ड अडकले, तर ते कोणत्या आकड्याला अडकले हे समजत नाही. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, लागोपाठच्या क्रमांकांची दोन कार्डे घेतली तरी त्यांची सहनशक्ती सारखी नसते. मेमरी चिप सॅमसंगची, हायनिक्सची की मायक्रॉनची यानेही फरक पडतो, आणि एकाच मॉडेलमध्ये या तिन्ही सापडू शकतात. जीपीयू-झेड हे छोटे साधन चिप कोणाची ते दाखवते. सहा कार्डांच्या रिगमध्ये सहाही कार्डांना एकच आकडा देणे सोपे असते, पण मग सगळ्यांना सर्वांत दुबळ्याच्या चालीने चालावे लागते, नाहीतर तो दुबळा सगळ्यांना घेऊन बसतो.

मेमरी जास्त ताणली गेली हे कसे कळते, हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. मशीन अडकले तर प्रश्नच नाही. पण पुष्कळदा ते अडकत नाही. कार्ड चालू राहते, पडद्यावर मोठा हॅशरेट दिसत राहतो, आणि त्यातला काही भाग चुकीची उत्तरे काढण्यात खर्च होत असतो. पूलमध्ये, म्हणजे मिळून मायनिंग करणाऱ्यांच्या गटाकडे, पाठवलेल्या उत्तरांना शेअर म्हणतात आणि पैसे मिळतात ते स्वीकारलेल्या शेअरांचे, पडद्यावरच्या आकड्याचे नव्हे. नाकारलेले शेअर दोन जातींचे असतात. शिळे, म्हणजे उशिरा पोहोचलेले. त्यांचा दोष इंटरनेटकडे किंवा लांबच्या सर्व्हरकडे. आणि अवैध, म्हणजे उत्तरच चुकलेले; त्यांचा दोष मेमरीकडे. दुसऱ्या जातीचे शेअर वारंवार दिसू लागले की मेमरी ५०-१०० ने उतरवावी. पूलच्या बाजूने दिसणारा हॅशरेट पाहताना निदान २४ तासांची सरासरी घ्यावी, कारण शेअर सापडणे हा नशिबाचाही भाग आहे आणि तासाभराचा आकडा कोणत्याही दिशेने फसवतो.

जीडीडीआर६एक्स मेमरीच्या कार्डांत, उदाहरणार्थ आरटीएक्स ३०८० आणि ३०९० मध्ये, आणखी एक गंमत आहे. वाचलेली माहिती चुकली तर ही मेमरी ती ओळखून पुन्हा मागवते. त्यामुळे ताण वाढला तरी कार्ड पडत नाही, उत्तरेही चुकत नाहीत. फक्त दोनदा-तीनदा मागवण्यात वेळ जातो आणि हॅशरेट उलटा उतरू लागतो. वेग +१,००० वर ९८ आणि +१,२०० वर ९६ असे दिसले, तर चूक मोजणाऱ्याची नाही. चढण संपून उतार लागला आहे, एवढाच त्याचा अर्थ. माथ्यापासून थोडे अलीकडे मुक्काम करावा.

एएमडीच्या जुन्या पोलारिस कार्डांची, आरएक्स ४७०-४८० आणि ५७०-५८० यांची, गोष्ट थोडी वेगळी आणि जास्त रंजक आहे. आरएक्स ५८० चा मेमरी प्रवाह २५६ जीबी आहे. भागाकाराने ३१ मेगाहॅश यायला हवेत. नव्या कार्डातून मात्र २२-२४ च निघत. हमाल धावतो आहे, पण प्रत्येक वही उचलताना उगाच थबकतो आहे, अशी ही अवस्था. मेमरीला एका वाचनातून दुसऱ्याकडे जाताना किती थांबायचे हे कार्डाच्या बायोसमध्ये वेगाच्या पट्ट्यांनुसार लिहिलेले असते, आणि उत्पादकाने वरच्या पट्ट्यांत सावधगिरी म्हणून सैल आकडे भरलेले असत. लोकांनी पोलारिस बायोस एडिटर नावाच्या साधनाने १,७५० मेगाहर्ट्झच्या पट्टीतले घट्ट आकडे उचलले आणि वरच्या पट्टीत चिकटवले. कार्ड ३० च्या आसपास देऊ लागले. त्याच्या जोडीला कोअर ११५० मेगाहर्ट्झच्या आसपास आणि व्होल्टेज ०.८५-०.९ वर आणले आणि ही स्वस्त कार्डे वर्षानुवर्षे आपल्या किमतीच्या मानाने भलतीच चांगली राबली.

पण बायोस बदलणे म्हणजे सेटिंग बदलणे नव्हे. आफ्टरबर्नरमधली चूक मशीन पुन्हा सुरू केले की पुसली जाते; बायोसमधली चूक कार्डात राहते आणि कार्ड सुरूच न होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून मूळ बायोसची प्रत आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी आणि तिला कार्डाचे नाव व चिपेचा प्रकार लिहून ठेवावा. काही कार्डांवर दोन बायोसमध्ये अदलाबदल करणारे बारीक बटण असते. तसे असेल तर एका बाजूला हात लावू नये. दुसऱ्याच्या कार्डाची बदललेली बायोस फाइल आपल्या कार्डात कधीही घालू नये, मॉडेल तेच असले तरी. आणि बायोस बदललेले कार्ड वॉरंटीत परत घेतले जाईल ही आशा सोडावी.

उत्पादकांनीही या खेळात हात घातला होता. गेम खेळणाऱ्यांना कार्डे मिळेनाशी झाली तेव्हा, फेब्रुवारी २०२१ मध्ये, एनव्हिडियाने आरटीएक्स ३०६० मध्ये इथेरियम ओळखून हॅशरेट निम्मा करणारे कुलूप घातले. महिन्याभरात कंपनीच्याच ४७०.०५ या चाचणी ड्रायव्हरमधून ते चुकून उघडले गेले. पुढे इतर कार्डांतही एलएचआर नावाने हे कुलूप आले आणि मे २०२२ मध्ये मायनिंग सॉफ्टवेअरवाल्यांनी ते पुरते उघडले. चारच महिन्यांत इथेरियमचे मायनिंग संपले, त्यामुळे किल्ली सापडते न सापडते तोच घर रिकामे झाले.

तापमानाकडे वळायचे तर कोअरचे तापमान हे फसवे सुख आहे. इथॅशमध्ये कोअर संथ चालते, म्हणून ती ५५-६० अंश दाखवते आणि मालक निर्धास्त राहतो. राबते आहे मेमरी, आणि तिचे तापमान आफ्टरबर्नरमध्ये सहसा दिसत नाही. ते एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘मेमरी जंक्शन’ या नावाने पाहावे. जीडीडीआर६एक्सची मेमरी ११० अंशांना पोहोचली की कार्ड आपला वेग स्वतः कापते. ३०८० आणि ३०९० कार्डे मायनिंगमध्ये बेफिकीर चालवली तर हा आकडा सहज गाठत. ११० ही कापण्याची रेषा आहे, राहण्याची जागा नव्हे. ९०-९५ च्या आत ठेवता आले तर बरे. त्यासाठी आधी पंखे वाढवावेत, मग मेमरीचा वेग उतरवावा आणि तरी भागले नाही तर मेमरी चिप व हीटसिंक यांच्यामधले मऊ थर्मल पॅड बदलावेत. पॅडची जाडी मूळच्याइतकीच हवी. अर्ध्या मिलिमीटरने जाड पॅड बसवला की हीटसिंक उचलला जातो, कोअरवर नीट टेकत नाही आणि मेमरी थंड होताना कोअर तापते. ‘जाड म्हणजे चांगला’ हा हिशेब गादीला ठीक.

जागेचा प्रश्न आपल्याकडे युरोप-अमेरिकेपेक्षा बिकट आहे. तिकडची लेखी सेटिंगे २० अंशांच्या तळघरात ठरलेली असतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बाहेर पारा ४४ अंशांवर जातो आणि खोलीही तापते. कार्डाचे तापमान खोलीच्या तापमानावर चढते, त्यामुळे डिसेंबरात बिनघोर चाललेले सेटिंग एप्रिलात अडकू लागले तर नवल नाही. उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे सेटिंग वेगळे ठेवावे. १२० वॅटची सहा कार्डे आणि बाकीची सामग्री मिळून ८०० वॅटच्या आसपास उष्णता खोलीत सोडतात, म्हणजे छोटा हीटर दिवसरात्र सुरू ठेवल्यासारखेच. ती हवा बाहेर काढणारा एक्झॉस्ट पंखा कार्डावर वारा घालणाऱ्या टेबल फॅनपेक्षा अधिक कामाचा. विदर्भात घरोघरी असलेला पाण्याचा कूलर रिगसमोर लावण्याचा मोह टाळावा. त्याची दमट हवा आणि पाण्यातले क्षार सर्किटवर बसतात. कोकणच्या किनाऱ्यावर हेच काम खारी हवा करते, कूलर नसताना. एसी लावून मायनिंग करण्याचा विचार असेल तर एसीचे युनिट आधी हिशेबात धरावेत. बहुतेक वेळा तिथेच हिशेब मिटतो.

वीज पोहोचवणाऱ्या वायरींकडे फार कमी लोक पाहतात आणि आगीचे बहुतेक प्रसंग तिथूनच सुरू होतात. मदरबोर्डाचा स्लॉट कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज देतो, सहा पिनांचा जोड ७५ आणि आठ पिनांचा १५०. रिगमध्ये कार्ड स्लॉटमध्ये थेट न बसवता रायझरवर, म्हणजे वायरीने जोडलेल्या वेगळ्या पट्टीवर, ठेवतात, आणि स्लॉटचे ते ७५ वॅट मग रायझरला वेगळ्या वायरीने द्यावे लागतात. रायझरसोबत पुष्कळदा हार्ड डिस्कचा साटा जोड मिळतो. त्याची क्षमता ५४ वॅट. काही कार्डे स्लॉटातून याहून कमी ओढतात म्हणून ते महिनोन्महिने चालून जाते. मग एका रात्री प्लास्टिक वितळल्याचा वास येतो. सोबत आलेला साटा जोड कचऱ्यात टाकावा, रायझरला सहा पिनांची वायर पॉवर सप्लायमधून थेट द्यावी आणि एका वायरीवर रायझरांची माळ लावू नये. पॉवर सप्लाय त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत चालवावा. हजार वॅटच्या सप्लायवर साडेनऊशेचा भार दोन तास चालतो, दोन वर्षे चालत नाही.

वीज जाऊन परत येणे ही आपल्याकडची रोजची बाब. मशीन आपोआप सुरू व्हावे अशी सोय मदरबोर्डाच्या बायोसमध्ये असते. ओव्हरक्लॉकिंग मात्र सुरू झाल्या झाल्या लागू होऊ देऊ नये, मिनिटभर उशिराने व्हावे असे ठेवावे. म्हणजे सेटिंग चुकीचे असेल तर ते काढायला वेळ मिळतो. नाहीतर मशीन सुरू होते, अडकते, पुन्हा सुरू होते, पुन्हा अडकते आणि मालक गावाला गेलेला असेल तर आठवडाभर हाच खेळ चालतो.

राहता राहिला पैशाचा हिशेब. भारतात १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या विक्रीवर झालेल्या नफ्याला सरसकट ३० टक्के कर आहे आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. नफा काढताना खरेदीची किंमत तेवढी वजा होते. मायनिंगसाठी उभारलेल्या यंत्रणेचा खर्च ही खरेदीची किंमत धरली जाणार नाही, असे सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले. तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. घरगुती जोडणीवर धंदा चालवल्याचे आढळले तर २००३ च्या वीज कायद्यातील कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, आणि अनेक रिगा लावल्या तर जोडणीचा मंजूर भारही ओलांडला जातो.

इथेरियम गेल्यावर ती सगळी कार्डे उरलेल्या छोट्या चलनांकडे वळली, वाटेकरी वाढले आणि प्रत्येकाचा वाटा आकसला. उत्तम बसवलेले कार्डसुद्धा घरगुती दराची वीज भरून निघेल इतके देईलच असे आता नाही. घरात गेमिंगसाठी किंवा व्हिडिओच्या कामासाठी घेतलेले कार्ड असेल आणि ही विद्या शिकायची हौस असेल तर वरच्या रीतीने जरूर करून पाहावे. व्होल्टेज उतरवण्याची कला त्या मूळ कामातही वीज आणि पंख्याचा आवाज वाचवते. केवळ मायनिंगसाठी मात्र आज नवे कार्ड विकत घेऊ नये, आणि जुने घ्यायचे झाल्यास विकणाऱ्याला किंमत विचारण्याआधी मेमरीचे तापमान दाखवायला सांगावे.